रडणारीले एकटी सोडत नाहीत

आत्ताच सांगाचं आहे. उद्या नाही, जेवण झाल्यावर नाही, आत्ता. टाइपिंग क्लासचे सर चहा प्याले गेले, मशीन मोकळी आहे, अन् माह्यासमोर एक कागद आहे तो मले पाच परतीत टाइप कराचा आहे. वक्तृत्व स्पर्धेचे नियम. भाषण मुद्देसूद असावे. वक्त्याने भावनेच्या आहारी जाऊ नये. बोलीभाषेचा वापर केल्यास गुण कापण्यात येतील. हा नियम टाइप झाला अन् माही बोटं थांबली. तो कागद मी काढून ठेवला, कोरा चढवला, अन् हे ठोकून राह्यली. घाईत अक्षरं एकमेकांवर चढली तर चढू द्या. पण मले च्या जागी मला लिहिणार नाही. ज्याले गुण कापाचे असतील त्यानं कापावे.

तीन-चार वर्षांआधीची गोष्ट. तवा मी आर्णीच्या शाळेत नववीत. आमचा तांडा आर्णीहून बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, वाटेनं, लय दूर नाही, लय जवळ बी नाही. आम्ही गोर लोक, तुम्ही बंजारा म्हणता ते. पणजोबाच्या काळात बैलांच्या पाठीवर मीठ अन् दाणे लादून मुलूखभर फिरत. आता वावरं आहेत, कापसाची पऱ्हाटी आहे, तूर आहे, पण तांड्यात बोलणं गोरबोलीतच. म्हणजे घरी गोरबोली, बजारात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकातली मराठी. कुठं कोणती काढाची हे मले चांगलं मालूम होतं. एकदा चुकली, अन् त्या एका चुकीचंच हे सारं आहे.

पहिले एक सांगू द्या, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्यात पोरीले रडणं शिकवतात. हसू नका. ढावलो म्हणतात त्याले. नवरी सासरी निघाली का याडीच्या, म्हणजे मायच्या, गळ्यात पडते, मंग बापाच्या, मंग भावाच्या, अन् सुरात रडते. नुसती रडत नाही, रडता रडता बोलते. मले एवढ्या दूर कायले दिलं, माह्या वाट्याची भाकर तुमाले जड झालती का, गाय बी विकताना तिले विचारतात, मले कोणी विचारलं. असं वाट्टेल ते बोलते. अन् त्या वक्ताले तिले कोणी चूप म्हणत नाही, तांड्याचा नायक बी नाही. दुसरा कायदा असा का सुरात रडणारी बाई एकटी राह्यली नाही पायजे. आवाज कानावर आला का जवळच्या बाईनं हातातलं टाकाचं, जाचं, तिच्या गळ्यात हात टाकाचे अन् आपला सूर तिच्या सुरात मिळवाचा. आर्णीच्या बजारात दोघी जणी लय दिवसांनी भेटल्या तरी असंच. कोर लोक, म्हणजे आमच्या बाहेरचे, थांबून विचारतात का कोण मेलं. कोणी मेलेलं नसते.

माही काकी ढावलो शिकवाची. तिच्या आंगणात लग्नाच्या पोरी बसल्या असल्या का मी बी कडेले बसाची. श्वास कुठं घ्याचा, शब्द कुठं ओढाचा, कुठं गळ्यात अडकवाचा, सारं ती हातानं दाखवे. एखादी पोरगी नुसती हुंदके देऊ लागली का म्हणे, "बोल, छोरी, बोल. पाणी तर बकरीच्या डोळ्यातून बी येते."

आता त्या वर्षाचं. राजूरच्या कोळसा खाणीत कामावर असलेला एक पोरगा मले सांगून आलता. त्याचा काका मले पाहाले येणार होता. बा म्हणाला, शाळेचं संमेलन आहे ना, पाहुणा त्याच दिवशी पाहून घेईन, मंग शाळा बंद.

"मले मॅट्रिक कराची आहे," मी म्हटलं.

"मॅट्रिक करून काय खाणीतला कोळसा मोजशीन का?"

याडी भाकर थापत होती. ती म्हणाली, "पोराची नोकरी पक्की हाय म्हणतात." म्हणजे झालं. घरात माह्या बाजूनं कोणी नव्हतं. मी मनात ठरवलं का संमेलनातल्या नाटकात असं काम कराचं, असं कराचं, का हेडमास्तर सोता उठून बाले म्हणतील, हिले शिकू द्या. दुसरा रस्ता मले दिसत नव्हता.

नाटक आमच्या मराठीच्या सरांनी लिहिलं होतं. सर पुण्याकडचे. शोकांतिका होती. दोन भावांचं भांडण, एकाचं लेकरू तापानं फणफणते, बंडी दुसऱ्या भावापाशी, अन् हा आपल्या हट्टापायी बंडी मागत नाही. लेकरू मरते. शेवटी माय त्या लेकराले मांडीवर घेऊन लांबच लांब बोलते अन् पडदा पडते. आदल्या सालापर्यंत बाईचं काम पोट्टेच लुगडं नेसून करत. सरांनी या खेपेले मले घेतलं, काहून का माहा आवाज मागच्या बाकापर्यंत जात होता. नवरा झालता कापडाच्या दुकानवाल्याचा पोरगा. काजळाची मिशी काढली का तो कोणाशी बोलत नसे, मिशी पुसन म्हणून.

तालमीत सर म्हणत, "हा करुण रस आहे. आक्रोश नव्हे. रडवायचं प्रेक्षकांना, आपण नाही रडायचं. 'नियती' म्हटलंस की थांब. त्या थांबण्यात लोक रडतात."

"सर, लेकरू मेल्यावर बाई थांबन कशी?"

"ती बाई नाही. ते पात्र आहे."

"तिले मालूम आहे का ते, ती पात्र आहे म्हणून?"

पोट्टे हसले. सर बी हसले, पण म्हणाले, "'तिले' नाही. 'तिला'. पुन्हा म्हण."

खरं सांगू, सरांचं थांबण्याचं खोटं नव्हतं. रिकाम्या वर्गात मी "नियती" म्हणून थांबली का झाडणारी बाई बी झाडू धरून थांबाची. मले गंमत वाटाची. हे काकीच्या आंगणात नव्हतं. तिथं थांबलं का काकी पाठीत गुद्दा घाले.

संमेलन दुपारचं ठेवलं, गावोगावच्या लोकांले दिवस असताना परत जाता यावं म्हणून. बाकं बांधून स्टेज, वरून ताडपत्री, बॅटरीवरचा भोंगा. एका बाजूनं बाया, एका बाजूनं माणसं. बायांमध्ये आमच्या तांड्याच्या साऱ्याच, काकी सगळ्यात पुढं, आंगावर फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, केसात चांदीच्या वाजणाऱ्या घुगऱ्या, हातभर बलिया, म्हणजे बांगड्या. मी पडद्याच्या फटीतून पाह्यलं. माणसांत बा बसला होता लाल पागोटं बांधून, अन् त्याच्या बाजूले एक काळी टोपी. पाहुणा.

नाटक चांगलं चाललं होतं. शेवटचा प्रवेश आला. कापडात गुंडाळलेली उशी माह्या मांडीवर. मिशीवाला नवरा खाली मान घालून उभा. मी आवाज खाली घेतला, मंग वर नेला, "हे निष्ठुर नियती" म्हटलं अन् थांबली, सरांनी सांगतलं तशी. सारं चूप. कुठंतरी भुईमुगाच्या शेंगा फोडल्याचा आवाज आला, कट, कट. अन् माहं पुढचं वाक्य गेलं.

गेलं म्हणजे गेलंच. पडद्यामागून वाचणारा पोट्टा फुसफुसून राह्यला, "अंकावरचा, अंकावरचा." माह्या अंकावरचा चंद्र अकाली मावळवलास, असं काहीतरी होतं ते. मले अंक म्हणजे गणितातला आठवून राह्यला. काळी टोपी पुढं झुकून पाहून राह्यली. शेंगा कट कट. मले वाटलं आता शाळा गेली, सारं गेलं. माहा गळा मले न विचारता उघडला अन् त्यातून निघालं, "याडी येऽऽ."

ढावलोचा सूर. अगदी काकीनं शिकवला तसा, ओढ बी तिथंच, अडक बी तिथंच. मी गोरबोलीत बोलू लागली. बंडी उभी होती, बैल उभे होते, एक शब्द तोंडातून निघाला नाही तुह्या, शब्दाले काय पैसे पडत होते. नाटकाचंच बोलत होती मी, पण आमच्या बोलीत, आमच्या सुरात.

अन् काकी उठली.

मले घुगऱ्यांचा आवाज आला. पाहतो तर काकी बाकावर पाय देऊन स्टेजवर चढून राह्यली. मागून दुसरी, तिच्यामागून तिसरी, मंग मोजाले फुरसत नव्हती. काकीनं माह्या गळ्यात हात टाकले, "कांयी वेगो, बेटी, कांयी वेगो," काय झालं पोरी, काय झालं, म्हणत सूर धरला. बाकीच्या आजूबाजूनं बसल्या. एकीनं उशी उचलून आपल्या छातीले लावली. एक म्हातारी त्या कापडवाल्याच्या पोराकडे वळली अन् म्हणाली, "मेल्या, भावाले बंडी मागतली असती तं तुही मिशी झडली असती का?" त्या पोट्ट्याच्या तोंडातून हूं का चूं निघालं नाही. पुतळ्यावानी उभा. सर आतून ओरडून राह्यले, "पडदा, पडदा," पण पडदा आमच्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर अटकला, खाली येईच ना.

पहिले लोक माना उंच करून पाहत राह्यले. मंग कोणीतरी हसलं. मंग सारा मंडप.

बाया खाली उतरल्या. सूर पुरा करूनच उतरल्या, अर्धा नाही सोडला. मी लुगडं धरून स्टेजच्या कोपऱ्यात उभी राह्यली. तेवढ्यात प्रमुख पाहुणे भोंग्यापाशी आले. यवतमाळचे पुढारी, भाषणासाठी मोठं नाव. त्यायनं लोकांले हात केला, हसणं थांबलं.

"बंधू-भगिनींनो, आज आपण दोन नाटकं पाहिली. एक गुरुजींनी लिहिलेलं, आणि दुसरं," अन् ते थांबले, "कोणीच न लिहिलेलं."

पुन्हा हसणं.

"ही आपली भोळीभाबडी जनता. नाटक कोणतं आणि जीवन कोणतं, हे यांना अजून शिकवायचं आहे. यांच्याकडे पाहून," त्यायनं छातीवर हात ठेवला, आवाज ओला केला, "माझे डोळे भरून येतात."

मी त्यायच्या हाताच्या अंतरावर उभी होती. डोळे कोरडे होते. अन् ते जिथं थांबले ना, "दुसरं" म्हणून, ते थांबणं मले वळखू आलं. तेच होतं, सरांचं. टाळ्या पडल्या. मी माणसांकडे पाह्यलं. बाची मान खाली होती, पागोटंच दिसत होतं. काळी टोपी इकडे तिकडे पाहून राह्यली. मले समजलं का आता हेडमास्तर काही बोलणार नाहीत, अन् बा पोरीले या शाळेत पुन्हा पाठवणार नाही, लगन होवो का न होवो. साऱ्या तांड्याले हसले होते.

पुढारी बसाले वळले अन् मी भोंग्यापाशी गेली. कोणी बोलावलं नव्हतं.

"अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग," मी सुरू केलं. पुढं काय म्हणतात ते आठवेना. मागून एक पोट्टा म्हणाला, "अंकावरचा." लोक हसले. मले लय राग आला. बरं झालं आला.

"मले बोलाचं आहे," मी म्हटलं. "मलेच म्हणीन मी. साहेब म्हणतात यायले नाटक समजत नाही. समजते. काकीले मालूम आहे मी कोणाची पोरगी आहे, माहं लगन नाही झालं, मले लेकरू कुठून असणार. उशी आहे ती. तरी आली. काहून आली? आमच्यात रडणारीले एकटी सोडत नाहीत. खरं का खोटं हे मंग विचारतात. तुम्ही सारे इथं बसले होते. एक बाई मेलेलं लेकरू घेऊन रडून राह्यली होती अन् तुम्ही शेंगा खात होते."

मी थांबली. सरांनी शिकवलेलं अन् मी चोरलेलं थांबणं. शेंगाचा आवाज नव्हता.

"साहेबांचे डोळे भरून आले म्हणतात. मी जवळ उभी आहे. मले नाही दिसलं पाणी. काकीच्या कांचळीले पाहा, ओली आहे. आता सांगा, नाटक कोणाले येते अन् कोणाले नाही येत."

बस. एवढंच. टाळ्या नाही वाजल्या. कोणी हसलं बी नाही. पुढाऱ्यांनी "पोरगी धीट आहे हो" म्हणून मान हलवली अन् घड्याळ पाह्यलं. सर माह्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "प्रमाण भाषेत बोलली असतीस तर आज बक्षीस तुझंच होतं." मी म्हटलं, "सर, प्रमाण भाषेत हे माह्या तोंडातून निघालंच नसतं." अभिनयाचं बक्षीस कापडवाल्याच्या पोराले गेलं. मूक अभिनयासाठी. मिशी तशीच ठेवून गेला घ्याले.

मंग आम्ही मोटर स्टँडवर गेलो, पाहुण्याले गाडीत बसवाले. बानं त्याले पान खिलवलं. मी थोडी मागं उभी होती पण कान तिकडेच. पाहुणा पान चावत म्हणाला, "पोरगी चांगली हाय हो. हातपाय चांगले, रंग चांगला. खोटं कायले बोलू."

"मंग बोला ना," बा म्हणाला.

"पण भाऊ, हे असं हाय. आमचं पोरगं दिवसभर खाणीत. तिथं धाड-धाड, धाड-धाड. घरी आल्यावर त्याले शांती पायजे." अन् एस.टी. आली तशी तो टोपी सांभाळत चढला. खिडकीतून रामराम केला, चांगला केला, राग नव्हता त्याच्या मनात. भेव होतं.

म्हणजे पाहा. मी हेडमास्तरले पटवाले निघालती, अन् पटलं कोणाले, तर राजूरच्या पोराच्या काकाले.

बंडीत आम्ही बाया मागं, बा पुढं कासरा धरून. मंग काकी माह्या कानापाशी येऊन म्हणाली, "उशी होती का गं थे?"

मी तिच्याकडे वळली. "तुले नाही मालूम पडलं?"

"मले तं थंड लागलं हाताले."

मागची म्हातारी म्हणाली, "मले मालूम होतं. पण काकी उठली तं मी बसू कशी?"

"काकी," मी म्हटलं, "मी तं साऱ्या लोकांत सांगून बसली का तुले मालूम होतं म्हणून."

"सांगतलं तं सांगतलं. माहं काय गेलं?" काकीनं पदरानं नाक पुसलं. "मालूम असतं तरी आलीच असती. सूर चांगला लावलता तू. दुसऱ्या ओळीत श्वास चुकला पण."

तर हे असं आहे. भाषणातला माहा सगळ्यात मोठा मुद्दा खोटा निघाला अन् तरी भाषण खरं होतं. आता ज्याले मुद्देसूद पायजे त्यानं याचं काय कराचं ते करावं. मले विचाराल तर पुढाऱ्यानं बी गळा वापरला अन् मी बी वापरला, सूर सारेच लावतात. तो ज्याच्यासाठी डोळे भरतात म्हणाला त्यायच्या जवळ नाही गेला. काकी बाकावर चढून गेली. फरक मले एवढाच दिसते, अन् या फरकाले कोणत्या नियमात गुण आहेत ते कोणी दाखवावं.

नाल्यापाशी बैल थांबले. बानं मागं न पाहता म्हटलं, "आता तुले कोण करन?"

याडी म्हणाली, "करन कोणीतरी. जगात बहिरे बी असतात."

काकी फिसकन हसली. म्हातारी हसली. मले हसू बी येऊन राह्यलं अन् भेव बी वाटून राह्यलं, काहून का बाची पाठच दिसत होती, तोंड नाही.

"पागोट्याकडे पाहत होते सारे," बा म्हणाला. "मले वाटलं जमीन फाटली तर बरं. मंग तू बोलाले लागली." बैलांनी पाणी पेलं. त्यानं कासरा ओढला. "शेंगा खाणं बंद केलं त्यायनं. म्या पाह्यलं. माह्या बाजूच्यानं फल्ली तोंडापाशी नेलेली, तशीच खिशात घातली."

मी बंडीत पुढं सरकली.

"शीक मंग," तो म्हणाला. "बोलणाऱ्या पोरीचं दुसरं काय करतात, मले तं मालूम नाही. मास्तरीण तरी होशीन. पण घरी असं नाही बोलाचं."

"घरी बी बोलीन," मी म्हटलं.

"थे दिसूनच राह्यलं," बा म्हणाला, अन् बंडी नाल्यातून वर निघाली.

सोमवारी मी शाळेत गेली. पोट्टे "अंकावरचा" म्हणून चिडवत, मॅट्रिकपर्यंत चिडवत होते. मी मॅट्रिक झाली. राजूरच्या पोराचं दुसरीकडे झालं, सुखी आहे म्हणतात, घरात शांती आहे म्हणतात. मले अजून कोणी केलं नाही अन् मी बी कोणाले विचारलं नाही.

टाइपिंगचे सर जिन्यात आल्याचा आवाज येऊन राह्यला, लवकर विचारतो. तुम्ही कधी भर लोकांत रडले अन् कोणी म्हटलं का हे रडणं बरोबर नाही? बोलले अन् कोणी म्हटलं का हे काही बोलणं नाही, पहिले नीट बोलाले शिका? अन् तवा तुमच्यासाठी कोणी बाकावर चढून आलं का, का सारे शेंगाच खात बसले? झालं का तुमच्यासंग असं?